बारावा साचा

८ सप्टेंबर

ताई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राचं बरं असतं, दाराखालून सरकवलं की निदान पायात तरी येतं. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण वाचून फाड. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आल्यावर मला बाकी काही येत नसलं, तरी आरोपीला आपली बाजू मांडू द्यावी लागते एवढं पक्कं येतं.

आरोप मान्य आहे. आईचे पाव भाजायचे बाराच्या बारा साचे मी घासले. धुण्याचा सोडा, उकळतं पाणी आणि तारेची घासणी घेऊन एका रविवारी सकाळी नऊला बसले ती संध्याकाळी पाचला उठले. तीस वर्षं ज्यांना पाणी लागलं नव्हतं, भाजून झालं की नुसते फडक्यानं पुसले जायचे, जे आतून काळेकुळकुळीत आणि गुळगुळीत झाले होते, ते मी पांढरेफटक करून गॅलरीत उन्हात मांडले. वर फोटोही काढला. मला अभिमान वाटत होता, हे लपवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांवर गंजाचे ठिपके आले, तेव्हा तो उतरला.

आता माझी बाजू. आई गेल्यावर दीड वर्ष आपल्या ओव्हनला कुणी हात लावला नव्हता. बाबा आणि मी डब्याचं खाऊन जगत होतो. शेवटी मी ठरवलं, पुरे झालं, घरीच शिकायचं, स्वयंपाकही आणि भाजणंही. पहिल्याच दिवशी फडताळ आवरताना मागे ती बरणी सापडली. खाटकाकडची चरबी, आणि तिच्या गळ्याला गुंडाळलेलं, चरबीनं ताठरलेलं फडकं. आईनं चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘साच्यांसाठी’. तेराव्या वर्षापासून मी मांस खात नाही, अंडं खात नाही, आणि आईचा पाव मात्र रोज खात होते. मला काय झालं असेल ते तूच सांग.

बारा दिवसांनी तू साचे न्यायला आलीस. ते तुझे होते, आईनं तुला दिले होते, मला ठाऊक होतं. १ डिसेंबरला तुझं पावाचं दुकान उघडतंय आणि पहिल्या दिवशीचे पाव आईच्या साच्यांतून काढायचे, हे तू किती वेळा म्हणाली असशील. घासताना यातलं काही आठवलं नाही. तू ओट्यावरची रांग बघितलीस. एक साचा उचललास, त्याच्या काठावरून अंगठा फिरवलास, खाली ठेवलास. मग आपलं दोन-चार वाक्यं बोलणं झालं आणि तू चहा तसाच टाकून निघून गेलीस.

तर ऐक. साचे मी पुन्हा काळे करणार आहे. २३ नोव्हेंबरला ते तुझ्या गावच्या बसमध्ये चढतील. तुला नको असतील तर परत पाठव, पण काळे साचे परत पाठव, पांढरे नाही.

तुझी बहीण
(तू ठेवलेलं भाजीचं नाव इथे येणार नाही. गाजर म्हणवून घ्यायला मी आता तेरा वर्षांची नाही.)


१७ सप्टेंबर

ताई,

प्रगती कळवते. उलट्या दिशेनं आहे, पण आहे.

पुस्तकात वाचलं की लोखंडावर तेल लावून कडक तापवलं की त्याचं कातडं बनतं, आणि त्यासाठी जवसाचं तेल उत्तम. मी म्हटलं, एका थरानं जे होतं ते दाट थरानं लवकर होईल. चार साच्यांना हात सैल सोडून तेल चोपडलं आणि तासभर ओव्हनमध्ये ठेवले. घरात असा धूर झाला की वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापक बाई जिन्यातूनच ओरडल्या, “अगं, काय जाळतेयस, पुस्तकं का?” साचे बाहेर काढले तर आत डिंक. बोट लावलं तर बोट सोडेना. तरी मी हटून त्यातल्या एकात पाव लावला. पाव फुगला छान, आणि मग साच्याशी त्यानं जन्माची गाठ बांधली. सुरी घातली, उलथनं घातलं, शेवटी वरचा अर्धा माझ्या हातात आला आणि बूड आतच राहिलं.

बाबांनी तो वरचा अर्धा खाल्ला. दिवसभर शिकाऊ लोकांना गाडी शिकवून आलेला माणूस भुकेपोटी काहीही खातो. मी विचारलं, “कसा झालाय?” ते म्हणाले, “इंजिन बरं आहे. चाकं मागेच राहिली.”

मग मी तेलघाण्यावर गेले. घाण्यावरच्या मावशींनी माझा साचा हातात घेतला, वास घेतला आणि मला अशा नजरेनं बघितलं की मी कोर्टात उभी आहेसं वाटलं.

“किती लावलंस?”

“भरपूर.”

“म्हणूनच. हे लावायचं आणि मग असं पुसायचं, की बघणाऱ्याला वाटावं लावलंच नाही. मग पालथा घालून भाजायचा. गार झाला की पुन्हा. सहा वेळा.”

“सहा?”

“घाई असेल तर सात. घाईत एक वाया जातो.”

बाटली भरून देताना त्या म्हणाल्या, “तुझी आईपण न्यायची. लहान बाटली, वर्षातून दोनदा.” मी म्हटलं, दारं-खिडक्यांना लावत असेल. आपल्या फडताळात तशी एक बाटली होतीही, तळाशी तपकिरी साका धरलेली, गळ्याला चिंधी गुंडाळलेली. त्या रविवारी मी ती बरणीबरोबरच कचऱ्यात टाकली.

डिंक लागलेले चारही साचे पुन्हा घासले. आता तू हसलीस तर चालेल.

तुझी बहीण


३० सप्टेंबर

ताई,

तू उत्तर देत नाहीस. ठीक आहे. भिंतीशी बोलणं मला नवीन नाही, आमचे संविधानाचे प्राध्यापक रोज तेच करतात.

बाराही साच्यांचे दोन थर झाले. ओव्हनमध्ये एका वेळी चारच मावतात, म्हणजे एका थराला तीन फेऱ्या. कॉलेज सकाळी साडेसातला सुरू होतं आणि एकला सुटतं. दोनला मी घरी येते, खिडक्या उघडते, मुख्याध्यापक बाईंना हाक मारून सांगते की धूर होणार आहे, आणि कामाला लागते. एका हातात फडकं आणि ओट्यावर करार-कायद्याचं पुस्तक उघडं. त्याच्या तिसऱ्या प्रकरणाला आता जवसाचा वास येतो. रंग मधासारखा आलाय, काळा अजून लांब आहे.

मधल्या वेळात स्वयंपाकही शिकतेय. बटाटे भाजता येतात. वाटाण्याचं सूप येतं, पण ते एकतर पाणी होतं नाहीतर सिमेंट, मधलं काही सापडत नाही. अंड्याशिवाय केळ्याचा केक केला, तो फुगायच्या ऐवजी बसला. बाबा म्हणाले, “हँडब्रेक काढायला विसरलीस.” पाव दर दोन दिवसांनी लावते आणि दर दोन दिवसांनी तो साच्याला चिकटतो. बाबांना आणि मला बूड नसलेल्या पावाची सवय झाली आहे.

आज राग आलाय, म्हणून लिहितेय. तू काय फक्त माझ्याच चुका मोजत बसली आहेस का? मीही मोजू शकते. आपल्या घरात पाव कसा वाटला जायचा आठव. आई पहाटे बारा पाव काढायची, गल्लीतली माणसं दारात यायची, त्यांच्या टोपल्यांत आणि तुमच्या ताटात खरपूस, लालसर, वर तीन चिरा मारलेले पाव. आणि माझा? माझा नेहमी शेवटी निघायचा. खालच्या कप्प्यातला, फिका, वर एकच चीर. मी विचारलं की आई म्हणायची, “तुझा तो. खा गुपचूप.” मी मांस सोडलं म्हणून मला उरलासुरला पाव, असं मला पाच वर्षं वाटत आलं. शाळेच्या सहलीत कोंबड्यांचा ट्रक आमच्या बसशेजारी तासभर अडकून पडला होता आणि त्यातली एक माझ्याकडे बघत होती, एवढं साधं कारण होतं ते. त्याची इतकी थट्टा झाली या घरात! गाजर नाव कुणी ठेवलं? तू.

तेव्हा त्या दिवशी मी जे बोलले ते बोलायला नको होतं, मान्य. पण ते खोटं होतं का? चरबी होती की नव्हती?

तिसरा थर उद्या.

तुझी बहीण


११ ऑक्टोबर

ताई,

आज मी खाटकाच्या दुकानात गेले होते. बसून वाच.

चार थर झाले तरी साचे तपकिरीच. आईचे काळे होते. मला वाटलं, चरबीशिवाय तो रंग येणारच नाही की काय, एकदा विचारून तरी बघावं. विचारल्यानं काही ताटात पडत नाही. तरी त्या दारापर्यंत जायला मला तीन चकरा माराव्या लागल्या. आत गेले ती श्वास रोखून, नजर फक्त त्यांच्या पांढऱ्या टोपीवर ठेवून.

खाटीककाकांनी सुरा खाली ठेवला. “पाववाल्या बाईंची धाकटी ना तू? इकडे कुठे? वाट चुकलीस का?”

मी म्हटलं, “साच्यांबद्दल विचारायचंय. तुमची चरबी लावल्यावर ते किती दिवसांत काळे होतात?”

“वर्ष जातं. आणि ते अकराही एकदम होत नाहीत, पुढेमागे होतात.”

“बारा.”

“साचे बारा असतील. माझ्याकडून अकरांपुरतं जायचं.” हात पुसत ते मोरीपाशी गेले, धुऊन परत आले. मला वाटतं माझ्यासाठी धुतले. “मी एकदा म्हटलं होतं, बाई, डझनाला पुरेल इतकं न्या, वारंवार फेरी नको. तर म्हणाल्या, बाराव्याला तुमचं काही चालत नाही, तो धाकटीचा. त्याची जुनी चरबी घासून काढलीय, त्याचं तेल वेगळं, फडकं वेगळं. काठावर कानशीनं खाच पाडून घेतली होती त्यांनी, नुसत्या बोटाला कळावं म्हणून. कधी अदलाबदल व्हायला नको.”

टोपीवरची नजर काढून मी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

“पुढे त्यांचं मनगट दुखायला लागलं, तेव्हा तुझी ताई यायची न्यायला. ती सांगायची, रोज आधी धाकटीचा साचा पुसते, साबणानं हात धुऊन, मग बाकीचे. मी म्हटलं, पोरीला ठाऊक तरी आहे का? तर म्हणाली, आई सांगू देत नाही. सांगितलं की ती आभाराचं भाषण करील, आणि आईला पहाटे भाषण सोसत नाही.”

ते हसले. मग माझं तोंड बघून थांबले आणि स्टूल पुढे सरकवलं. खाटकाच्या दुकानात स्टुलावर बसून मी रडले, ताई. मागे काय काय टांगलेलं होतं देव जाणे. एक गिऱ्हाईक आलं आणि अर्ध्यातून परत गेलं.

घरी येऊन एकेक साच्याच्या काठावरून अंगठा फिरवला. नवव्यावर खाच लागली. ती मी घासतानाही बघितली होती. काठ मोडलाय, हा सगळ्यात खराब साचा, असं म्हणून त्याच्यावर मी सगळ्यात जास्त जोर काढला होता.

तू त्या दिवशी तोच उचलला होतास.


१२ ऑक्टोबर

ताई,

काल सही करायची राहिली. मुद्दाम नाही.

पहिल्या पत्रात मी ‘दोन-चार वाक्यं’ असं लिहिलं. तुझं एकच वाक्य होतं, “अगं, हे काय केलंस?” बाकीची माझी होती. आज ती जशीच्या तशी लिहिते, कारण जे नोंदवलं जात नाही त्याची माफीही मागता येत नाही.

मी म्हणाले होते: “पाच वर्षं तुम्ही दोघींनी मला फसवून चरबी खाऊ घातलीत. आई मरेपर्यंत खोटं वागली आणि तू अजून वागते आहेस. तिच्या साच्यांबरोबर तिचा खोटेपणाही घासून काढला, बरं झालं.”

हे मी तुला म्हणाले. रोज पहाटे साबणानं हात धुऊन जिनं माझा साचा आधी पुसला, तिला.

मी दुसऱ्या वर्षाला आहे आणि समोरच्याचं ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी एका बरणीवर निकाल दिला. शेजारी तेलाची बाटली होती, तिच्याकडे बघितलंही नाही. पाव फिका का, तर बाकीच्यांची चरबी त्याला लागू नये म्हणून तो शेवटी, उतरत्या आचेवर, खालच्या कप्प्यात एकटाच भाजला जायचा. चीर एकच का, तर टोपल्यांत मिसळू नये म्हणून. सगळा पुरावा माझ्या ताटात रोज वाढला जात होता आणि मी तो खाऊन वर कुरकुर करत होते.

माफ कर. आईची माफी मागायची सोय नाही, म्हणून तिच्या वाटणीचीही तुझ्याकडेच मागते. तू आजच करावीस असं नाही. साचे २३ तारखेला निघतील, ते ठरलेलं आहे आणि त्याचा माफीशी संबंध नाही.

तुझी बहीण


२ नोव्हेंबर

ताई,

एक गोष्ट तुला सांगायलाच हवी, नाहीतर पुन्हा लपवल्यासारखं होईल.

त्या दिवशी निघताना खाटीककाकांनी विचारलं होतं, “बांधून देऊ का थोडी?” मी हो म्हटलं. कागदात गुंडाळलेली बरणी हात लांब करून घरी आणली आणि खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवली. चार दिवस माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की हातमोजे चढवावेत आणि अकरा साच्यांना चरबी चोळावी. जसे होते तसे करून द्यावेत. मी जे बिघडवलं ते मीच निस्तरायचं, आणि त्यात मला त्रास झाला तर तो व्हायलाच हवा.

बाबांनी बरणी बघितली. काय आहे ते त्यांनी ओळखलं. जेवताना (मसूर, गाजर, भात, मसूर जरा करपले होते) ते म्हणाले, “चुकीच्या वळणावर गाडी घातली, तर परत फिरून यायचं असतं. गाडीच सोडून द्यायची नसते.”

तुला ठाऊक आहे, बाबा असं काही बोलले की मला आधी हसू येतं. पण या वेळी मी ताट बाजूला सारून विचार करत बसले. मला चरबीला हात लावावा लागू नये, म्हणून आईनं पाच वर्षं दोन फडकी सांभाळली. आता तिच्याच नावानं मी हात घातला तर तिच्या त्या सगळ्या खटाटोपावर मीच पाणी फिरवीन. चुकला तो माझा आरोप. माझं खाणं चुकलेलं नाही. या दोन गोष्टी मी आता वेगळ्या ठेवायला शिकतेय, दोन फडक्यांसारख्या.

बरणी मी दुसऱ्या दिवशी काकांना परत नेऊन दिली. या वेळी एकाच चकरेत आत गेले. ते म्हणाले, “बरं केलंस.”

तेव्हा बाराही साचे जवसाचेच येतील. पाया माझा. अकरांवर पुढे काय चोळायचं ते तुझं दुकान, तुझं फडकं, तू ठरव. मी भाषण करणार नाही.

सहा थर पूर्ण झालेत. काल सातवा दिला, घाण्यावरच्या मावशी बरोबर बोलल्या होत्या, एक वाया गेलाच होता. रंग आता भाजलेल्या कॉफीसारखा आहे. काल संध्याकाळी पाव लावला, साचा पालथा केला आणि थोपटला. तीन बाजूंनी सुटला, चौथी अडली. सुरीचं फक्त टोक लागलं. बाबांनी बूड असलेला पाव बघितला आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा काहीच शेरा मारला नाही, नुसते खात राहिले. सूपही मधलं साधलं. कसं ते मला माहीत नाही, म्हणून पुन्हा साधेलच असं नाही.

तुझी बहीण


२३ नोव्हेंबर

ताई,

साचे सकाळच्या बसनं निघाले. बसचा चालक बाबांचा जुना विद्यार्थी आहे. बाबांनी त्याला खोकं सोपवताना जी सूचनांची यादी दिली, ती ऐकून मला वाटलं तो बस सोडून पळून जातो की काय. “खड्ड्यात दुसरा गिअर. समजलं? दुसरा.”

प्रत्येक साचा वर्तमानपत्रात गुंडाळलाय, आणि माझ्या जुन्या नोट्समध्येही, कारण वर्तमानपत्रं पुरली नाहीत. करार-कायदा सहाव्या साच्याभोवती सापडेल, परीक्षा झालीय, टाकून दे. खाच असलेला बारावाही पाठवलाय. रात्रभर—नाही, खोटं कशाला, अर्धा तास—विचार केला की तो ठेवून घ्यावा. पण त्यावरचं मी घासून टाकलेलं काम तुझ्या हाताचं होतं. तो माझा आहे की नाही, हे ठरवायचा हक्क मी त्या रविवारीच घालवला.

अगदी काळे नाहीत. तू उजेडात धरलेस तर कडेला तपकिरी दिसेल. आईच्या साच्यांवर तीस वर्षं होती आणि माझ्याकडे अडीच महिने, त्यातले पहिले दहा दिवस तर डिंकातच गेले. पण चिकटत नाहीत. परवा बाराही साच्यांत एकेक पाव लावून बघितला, नऊ आपसूक सुटले, तीन थोपटल्यावर. मुख्याध्यापक बाईंना तीन दिले, घाण्यावर दोन, खाटीककाकांना दोन. काका म्हणाले, “आईसारखा नाही.” मी म्हटलं, “माहीत आहे.” ते म्हणाले, “वाईट म्हणालो नाही मी.”

दुकानात यायला मला आवडलं असतं. बोलावल्याशिवाय येणार नाही. पण १ तारखेला पहाटे मी उठणार आहे आणि इथे एक पाव लावणार आहे, घरातल्या साध्या केकच्या भांड्यात. तू तिथे भट्टी पेटवशील त्याच वेळी.

दुकानाला यश येवो. हे मनापासून आहे, हवं तर वाक्य पुन्हा वाच.

तुझी बहीण


४ डिसेंबर

ताई,

काल दुपारी मी कॉलेजातून आले तर दारात बाबा खोकं घेऊन उभे. चालकानं घरापर्यंत आणून दिलं होतं. “दुसरा गिअर, काका,” असं म्हणून गेला म्हणे.

खोकं लहान होतं. मला वाटलं, तू साचे परत पाठवायला सुरुवात केलीस, एकेक करून. मी खोक्याला हात लावला नाही. बाबांनीच दोरी सोडली. आत एकच साचा, कापडात गुंडाळलेला. काठावरून अंगठा फिरवायची गरज नव्हती, तरी फिरवला. खाच होती.

साचा रिकामा नव्हता. आत पाव होता. तुझ्या दुकानातला, खरपूस, आणि वर एकच चीर. चिठ्ठीवर तुझं नेहमीचं तिरकं अक्षर: ‘गाजरासाठी. सुरी लावू नकोस.’

मी ओट्यावर फडकं पसरलं. साचा पालथा केला. थोपटला नाही, हलवला नाही, नुसता धरून उभी राहिले, आणि पाव आपल्या वजनानं खाली आला. बुडासकट, चारही कडांसकट. साच्यात कण राहिला नव्हता. मी आत बघितलं तर माझ्या तपकिरी थरांवर एक नवा थर होता, पातळ, असा की बघणाऱ्याला वाटावं लावलाच नाही. वास घेतला. जवस. ताई, दुकान उघडायच्या गडबडीत तू माझा साचा आधी पुसलास.

बाबांनी कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत चावत राहिले. मी वाट बघत होते, आता गिअर येतो की ब्रेक. ते म्हणाले, “तुझ्या आईचा असाच व्हायचा,” आणि चष्मा पुसायला आत गेले. मी आधी रडले आणि मग अर्धा पाव संपवला, लोणीसुद्धा न लावता.

हे उत्तर समजू का? समजतेच. रविवारी तुझ्या दुकानात येतेय. तुझं दुकान पहाटे चारला सुरू होतं हे मला ठाऊक आहे, तेव्हा शनिवारीच निघते. मळायला मला ठेव, विकायला नको, गिऱ्हाइकाशी मी वाद घालीन. अकरा साचे तुझे, त्यांना तुला हवं ते चोळ, मी नाक मुरडणार नाही. बारावा परत घेऊन येतेय, त्याची जागा त्या अकरांच्या शेजारी आहे.

माझं फडकं मी बरोबर आणते.

तुझी,
गाजर